घोडीचा खोकला

आमच्या घरात एक घोडी होती आणि एक नवरा होता. लग्न होऊन आले तेव्हा या दोघांत घरचं लाडकं कोण, हे मला बरेच दिवस कळलं नाही. नवऱ्याचं नाव मी तेव्हा घेतलं नाही, आताही घेत नाही, घरधनी म्हणते. घोडीचं नाव फार गोड होतं, पण नवऱ्याचं घ्यायचं नाही आणि घोडीचं घ्यायचं, हे काही बरं दिसत नाही. म्हणून तीही इथे नुसती घोडीच.

आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्यापासून दोन कोसांवर. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांतली ही गोष्ट. माझं माहेर तळोद्याकडचं. वडील शाळामास्तर, म्हणून मला ही पुस्तकी मराठी लिहिता येते. बोलणं मात्र माहेरी काय, सासरी काय, सगळं अहिराणी. सासरी माणसं तीनच: सासूबाई, घरधनी आणि मी. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. सासूबाईंचा आवाज असा, की त्यांनी या काठावरून हाक मारली की पलीकडचा नावाडी नाव सोडायचा. त्या तोंडाला मी पहिलं वर्षभर भ्यायले. पुढे तीस वर्षं त्याच तोंडाने मला सांभाळलं.

घोडी पंचकल्याणी. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, बाकी अंग तांबडं. सासऱ्यांनी मरायच्या आदल्या वर्षी सारंगखेड्याच्या जत्रेतून शिंगरू म्हणून आणलेली. घरधन्यांनी तिला हाताने वाढवली. शेतावर जायला, तालुक्याला जायला, लग्नाकार्याला तीच. सकाळी उठून माणूस देवाचं दर्शन घेतो, हे आधी तिचं घेत.

आता त्यांच्या एका खोडीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या खोडीचं आहे.

घोडेवाल्यांत एक पक्कं मानलेलं असतं. घोड्याचा पाय मोडला तर बांधता येतो, पण दम गेला तर घोडं मेल्यात जमा. धुळीचा चारा खाऊन घोडं एकदा खोकायला लागलं की त्याला फुकटही कोणी नेत नाही. म्हणून गवत झटकून द्यायचं. सगळे देतात तसंच. पण सगळे ते अंगणात, वाऱ्यावर झटकतात. घरधन्यांचं म्हणणं, वाऱ्यावर झटकलं की धुळीबरोबर बारीक पालाही उडून जातो, आणि घोडीच्या अंगी लागतो तो पाला. नुसत्या काड्या खाऊन काय होतंय? शिवाय धूळ वाऱ्याने घोडीच्याच नाकात जायची. म्हणून ते चाऱ्याच्या खोलीत जायचे. गोठ्याला लागून मातीची खोली, एकच दार, खिडकी नाही. दार आतून लावून घ्यायचं, खाली जुनं लुगडं अंथरायचं आणि एकेक पेंढी घेऊन हात दुखेपर्यंत झटकायची. मग लुगड्यावरचा पाला चाळून घ्यायचा. बाहेर यायचे तेव्हा भुवया, मिशा, पापण्या सगळ्या पांढऱ्या. मला हसू यायचं. मी म्हणायची, "आते तुम्ही बी पंचकल्याणी व्हयनात."

गवत यायचं सातपुड्याच्या पायथ्याहून. दर वर्षी दिवाळीनंतर एक म्हातारे भिल्ल बाबा आपल्या मुलांना घेऊन गाड्या भरून आणायचे. त्या वर्षी ऐन कार्तिकात अवकाळी पाऊस झाला आणि गाड्या वाटेत भिजल्या. बाबांनी पेंढीत हात घालून पाहिला आणि सांगितलं, की याला चार उन्हं दाखवा, मगच आत रचा. पण आभाळ भरलेलं. घरधनी म्हणाले, "आतेच भरी टाकूत. परत पानी उनं तं समदं सडी जाई." बाबांनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं आणि मग मुकाट्याने गाड्या खाली केल्या. आमच्या घरात गवताचं कळणारा तोच एक माणूस त्या दिवशी आला होता, आणि आम्ही त्याला भाकरी खाऊ घालून वाटेला लावलं.

पौषात घरधन्यांना पहिल्यांदा ताप आला. संध्याकाळी हुडहुडी भरली, छाती आवळल्यासारखी झाली, कोरडा खोकला. सकाळी उठले तर बऱ्यापैकी. दोन दिवसांनी पुन्हा तेच. हिवताप म्हणून काढे झाले. सासूबाईंनी आपल्या आंडोराची, म्हणजे लेकाची, दृष्ट काढली. आमच्याकडे मीठमिरच्या उतरून चुलीत टाकतात. मिरच्यांचा ठसका उठला तर दृष्ट नव्हती, नाही उठला तर होती, असा हिशेब. पण घरधनी मिरच्या चुलीत पडायच्या आधीपासूनच खोकत होते. सासूबाई हातात मिरच्या घेऊन बसून राहिल्या. निदान करायचं तरी कसं! शेवटी चिडून म्हणाल्या, "जरासा थांब ना भाऊ, मिरच्यास्ले तं खोकू दे."

तेव्हा हसलो. होळीपर्यंत हसू संपलं. सदरा खुंटीवर टांगावा तसा त्यांच्या अंगावर लोंबायला लागला. शेताच्या बांधापर्यंत चालले तरी धाप.

वैशाखात माझ्या भावाचं लग्न निघालं. तीन आठवडे आम्ही दोघं माहेरी होतो. घोडी गावात शेजाऱ्याकडे ठेवलेली. आणि काय सांगू, पाचव्या दिवशी माणूस खडखडीत! जेवणावळीत वाढायला उभा, वरातीत सगळ्यांच्या पुढे. माझी आई म्हणाली, अगं, जावई आजारी म्हणत होतीस ना? मी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिले. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण नवऱ्यावर जीव जडणं म्हणजे काय ते मला त्या तीन आठवड्यांत कळलं. असा हसरा, खाणारा, रेटून झोपणारा माणूस मला मिळाला होता आणि मी त्याला हळूहळू घालवत होते.

परत आलो आणि दुसऱ्याच संध्याकाळी ताप.

मी सासूबाईंना म्हटलं, "माय, तठे ह्या बरा व्हतात. आठे परत उनात का पडतस." सासूबाई उखडल्या. "म्हंजे मन्हा घरमा इख शे का व?"

घरात विष आहे हे खरंच होतं, पण कुठे आहे ते मलाही कळलं नाही. मी शहाणीने ठरवलं की विहिरीचं पाणी बाधतंय. दोन महिने रोज नदीवरून त्यांच्यापुरती घागर आणली. काठाची उभी दरड चढून चढून माझ्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या, पण ताप आपला येतच राहिला. घागर घेऊन मी दारात यायची तेव्हा चाऱ्याच्या खोलीतून पेंढी झटकल्याचा आवाज यायचा. रोज ऐकायची. वाटायचं, बरं आहे, अजून अंगात एवढी ताकद तरी आहे.

पावसाळ्यात घोडी गोठ्यातच बांधलेली, बाहेर चरणं बंद, म्हणजे सगळा चारा खोलीतला. घरधन्यांची कंबर धरता आली असती एका हातात. तालुक्याच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती ठोकून पाहिली, पाठ ठोकून पाहिली, आणि बाहेर येऊन म्हणाले की क्षयाची शंका आहे. त्यांना तरी काय दोष द्यायचा? ताप, खोकला, वाळलेलं शरीर. कोणीही तेच म्हणालं असतं.

त्या शब्दाने घराचं तोंडच फिरलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. घरधन्यांनी स्वतःच आपली बाज उचलली आणि गोठ्यात नेऊन टाकली, चाऱ्याच्या खोलीच्या दाराशी. म्हणाले, "मन्ही बाधा तुमले नको." मी रडले, पाय धरले, ऐकलं नाही. आमच्यापासून लांब राहायचं म्हणून तो भला माणूस बरोबर त्या गवताच्या तोंडाशी जाऊन झोपला.

मग घोडीवर आलं. गावातल्या एका जाणत्याने तिच्या अंगावरून हात फिरवला आणि तिच्या छातीवर, डाव्या अंगाला केसांचा एक भोवरा दाखवला. म्हणाला, हा भोवरा धन्याला खातो. घोड्याचे भोवरे आमच्याकडे पत्रिकेसारखे वाचतात. कोणता राज्य देतो, कोणता घर बुडवतो. इतकी वर्षं तो भोवरा तिथेच होता, कोणाला दिसला नव्हता. सासूबाईंना मात्र पटलं. नवरा या घोडीला आणल्यावर वर्षात गेला, आता मुलाला लागली. मार्गशीर्षातल्या जत्रेत घोडी विकायची, आणि जत्रा झाली की मला माहेरी पाठवायचं, असं त्यांनी एका दमात ठरवलं. मला म्हणाल्या, "तू जुवान शे माय. तुले काबरं मराले ठेवू आठे?" रागावायला काही जागाच ठेवली नाही त्यांनी. त्या मला वाचवत होत्या.

घरधनी दोन दिवस घोडीला खरारा करत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इकनी शे तं मीच लई जासू."

जत्रेत आम्ही तिघं गेलो, आणि आमचे शेजारी. पाल ठोकलं, मध्ये चवाळ्याचा पडदा केला. मागे घोडी आणि घरून आणलेला चारा, पुढे आम्ही. घरधन्यांनी नदीवर नेऊन तिला धुतली, आयाळ विंचरली, पायांत घुंगरू बांधले. मुलगी सासरी पाठवताना बाप करतो तसं सगळं केलं. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी काठेवाडकडचा एक म्हातारा घोडेवाला आला. मेंदी लावलेली दाढी, हातात वेताची छडी. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, चालवून पाहिली. छातीवरचा भोवरा सासूबाईंनीच प्रामाणिकपणे दाखवला. तो म्हणाला, "अम्मा, जिसका नसीब खोटा, वो भोवरे को गाली देता है." आणि सौद्याला बसला.

घोड्याचा सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली दोघांनी हात घालायचे आणि बोटं दाबून बोलायचं. आमच्याकडून हात घरधन्यांनी घालायचा. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला. शेजाऱ्यांना म्हणाले, "तुम्हीच करा." आणि घोडीला घेऊन पडद्यामागे गेले. चाऱ्याची वेळ झाली होती. पेंढी झटकल्याचा आवाज यायला लागला. तिला शेवटचा चारा तरी स्वच्छ मिळावा, एवढंच त्यांच्या मनात असणार.

रुमालाखाली बोटं चालू होती, आणि पडद्यामागून खोकला आला. कोरडा, खोल, एकामागून एक.

घोडेवाल्याने हात झटकन बाहेर काढला. "घोडी खांसती है! ये बात छुपाई हमसे?"

सासूबाई ताडकन उठल्या. सौदा गेला याचं नाही, घोडीची बदनामी झाली याचं त्यांना लागलं. अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ओ बाबा! घोडी नही, मन्हा आंडोर खोकस!"

शेजारच्या पालांतली माणसं हसली. घोडेवालाही हसला, आणि खात्री करायला म्हणून पडदा बाजूला करून आत गेला. मागोमाग आम्ही. घरधनी गवतावर बसले होते, हातात पेंढी, भुवया पांढऱ्या, तोंडाने श्वास ओढत होते. घोडीने मान त्यांच्या खांद्यावर टाकलेली. म्हाताऱ्याचं हसू गेलं. तो घोड्याच्या बरगड्या पाहतात तसा त्यांच्या बरगड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग खाली वाकून मूठभर गवत उचललं, हुंगलं आणि लांब फेकून दिलं.

"ये घोडी को खिलाते हो?"

घरधनी म्हणाले, "झटकीसन देस ना मी. तिले धूळ लागाले नको."

"और वो धूल कहां जाती है, बेटा?"

वर्षभर वैद्य झाले, डॉक्टर झाले, जाणते झाले, मी नदीचं पाणी वाहिलं. हा एक प्रश्न कोणाच्या तोंडून निघाला नव्हता.

त्याने विचारलं, बुखार संध्याकाळी येतो का? परक्या पुरुषापुढे मी कधी बोलले नव्हते. पण सासूबाई तोंड उघडायच्या आत मी भडाभडा बोलून गेले: हो, संध्याकाळी, चारा केल्यावर चार-सहा तासांनी, आणि माझ्या माहेरी तीन आठवडे होते तर आला नाही, तिथे घोडी नव्हती. बोलता बोलताच मला सगळं दिसत गेलं. म्हातारा मान हलवत होता. त्याच्या मामाच्या तबेल्यात पावसाने भिजलेल्या गवतावर काम करणाऱ्या एकाला असंच व्हायचं, म्हणाला. त्याला गवतावरून काढून पाणी भरायला लावला, तर माणूस सुधारला. बुरशी आलेलं गवत घोड्याला घालूच नये, आणि चांगलंही पाणी शिंपडून द्यावं, झटकायचं नाहीच. हा माणूस दोन महिने गवतापासून लांब ठेवा, मग बघा. क्षय असेल तर असेल, पण आधी हे करून पाहा.

मग तो सासूबाईंना म्हणाला, की घोडी निर्दोष आहे, सौदा पुरा करतो.

सासूबाईंनी रुमाल उचलून त्याच्या हातात दिला. "घोडी इकनी नही."

घोडीपुढे जाऊन त्यांनी कनवटीचा गुळाचा खडा काढला. मुलाच्या खोकल्यावर द्यायला तो त्या कायम जवळ बाळगत. घोडीच्या तोंडाशी धरून म्हणाल्या, "मन्हं चुकनं माय. मन्हं चुकनं." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण तेवढी हिंमत नव्हती. मी हळूच विचारलं, मग जत्रेनंतर मी माहेरी? त्या गर्रकन वळल्या. "कोठे जास आते तू? चारा कोन भिजाडी?"

गवतवाले बाबा त्या वर्षी उशिरा, जत्रा झाल्यावर आले, तेव्हा आम्ही त्यांना खोली दाखवली. उरलेल्या गंजीत त्यांनी हात घातला, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं. ‘मी सांगितलं होतं’ असं ते एका शब्दाने म्हणाले नाहीत. मुलांना तोंडाला फडकी बांधायला लावून सगळं गवत उकिरड्यावर काढलं. नवं गवत त्यांनी स्वतः अंगणात पसरून चार उन्हं दाखवली आणि पाचव्या दिवशी रचलं. मी त्यांना त्या दिवशी पाटावर बसवून जेवायला वाढलं.

घरधन्यांना गोठ्याकडे फिरकायची बंदी. बाज पुन्हा घरात आली. चारा मी भिजवायची, मी घालायची. घोडीला माझा हात आवडत नसे. पहिले आठ दिवस ती कान पाडून उभी राही आणि ओट्याकडे पाहून खिंकाळे. ओट्यावर घरधनी बसलेले. दोघं एकमेकांकडे असे बघायचे की मलाच कैदाशिणीसारखं वाटायचं. शेवटी भिजवलेले हरभरे हाताने चारायची सूट दिली. होळीपर्यंत ताप गेला, खोकला गेला, सदरा अंगावर बसला. क्षय नव्हताच.

फार वर्षांनी एका शिकलेल्या डॉक्टरांना मी ही हकिगत सांगितली. ते म्हणाले, फुफ्फुसात वाऱ्याच्या अगदी बारीक पिशव्या असतात. बुरशीची धूळ कोणाकोणाला सोसत नाही, त्या पिशव्या आतून सुजतात. वेळेवर धूळ तुटली तर सूज उतरते, नाहीतर त्या कायमच्या कडक होतात. मी विचारलं, आमच्या घरी तुटली ती वेळेवर का? ते म्हणाले, बरीचशी.

बरीचशीच. घरधनी पुढे पुष्कळ जगले, घोडीच्याही मागे जगले, पण तो गेलेला दम सगळा परत आला नाही. सपाटीवर कळत नसे. तापीवरून गावात यायला दरड चढावी लागे, तिथे कळे. आमच्याकडे नवरा पुढे चालतो आणि बायको दहा पावलं मागे. बरोबरीने चाललेली मी तोवर एकही बाई पाहिली नव्हती. घरधनी अर्ध्या दरडीवर थांबायचे. धाप लागली असं कधी म्हणाले नाहीत. नदीकडे तोंड करून उभे राहायचे, पाणी किती उतरलं ते बघत असल्यासारखे. तोवर डोक्यावर घागर घेऊन मी त्यांच्यापाशी पोहोचायची. मीही काही बोलत नसे. पाणी बघायची. श्वास बसला की ते म्हणायचे, "चाल, संगेच जाऊत." उरलेली दरड आम्ही बरोबर चढायचो. बाया हसायच्या, नावं ठेवायच्या. ठेवू देत. मी पुढे चाळीस वर्षं तशीच चढले.